बॉयलरच्या गेजबाबत पंचफुला इढोळे हिचे मृत्युपत्र

मी, पंचफुला मारोतराव इढोळे, वय पंचवीस, अविवाहित, राहणार रिठद, काम सरकारी कारखान्यात मापयंत्रे तपासणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. शरीर भाजलेले आहे, बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी आशा दाखवलेली नाही. मी मागितलेली नाही.

१. आईकडून मला आलेले दोन एकर शेत भावजय गोजराबाईला. तिचा नवरा, माझा थोरला भाऊ उकंडराव, दौलतरावांच्या कापसाच्या जिनमध्ये बॉयलरवर आगवाला होता. तो दारू पिऊन झोपला म्हणून बॉयलर फुटला, असे दौलतराव सांगतात. ते खोटे आहे. खरे कारण पुढे नोंदवते.

२. लढाईमुळे वाफेचा दाब दाखवणारे विलायती गेज मिळेनात, म्हणून दौलतरावांनी भंगारातून दोन परदेशी गेज आणून दोन्ही बॉयलरांवर बसवले. बॉयलर चौरस इंचाला शंभर रत्तल, म्हणजे पौंड, दाब सोसणारे. या गेजवरचे आकडे मात्र चौरस सेंटिमीटरला किलोचे. त्यावर सात म्हणजेच शंभर रत्तल. दौलतरावांनी किलोचे रत्तल केले, सेंटिमीटरचे इंच करायला विसरले, आणि सातचे चौदा रत्तल केले. सातवर झडप वाफ सोडू लागली, तेव्हा झडपच बिघडली समजून तिच्यावर लोखंड टांगायला लावले. मी सुटीवर आले होते. काटा दहावर पाहून दौलतरावांना बोलले, हे एकशे चाळीस रत्तल झाले.

"पोरी, जनमभर कापूस तोलला म्या. किलो म्हंजे दोन रत्तल. दहाचे वीस झाले. तू मले माप शिकवून राह्यली काय?"

उकंडराव हसला. "मालक, घरी तं थे चुलीलेबी माप शिकवते."

त्याच दुपारी बॉयलर फुटला. तो आणि तीन मजूर जागीच गेले. मी जिनच्या अंगणात होते.

३. फुटलेल्या बॉयलरचा गेज माझ्या उशाशी आहे. तो गोविंदसिंग मास्तरांनी सरकारी बॉयलर-इन्स्पेक्टरच्याच हातात द्यावा. दुसरा बॉयलर सोमवारी पेटणार आहे, तसल्याच गेजवर. त्यावर धाकटा भाऊ पुंजाजी लागला आहे. उकंडरावाची दारू कबूल करून बाबांनी ही नोकरी मिळवली.

४. माझी फूटपट्टी, कंपास, पुस्तके पुंजाजीला. इन्स्पेक्टर येण्याआधी त्याने बॉयलर पेटवला, तर ती विहिरीत टाकावीत.

५. वडील मारोतराव यांना काही नाही. राग आहेच. पण ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, आणि मला त्यांची साक्ष हवी आहे.

सही: पंचफुला मारोतराव इढोळे

साक्षीदार:
१. गोविंदसिंग रामसिंग ठाकूर, मास्तर, रिठद
२. मारोतराव इढोळे, निशाणी डाव्या अंगठ्याची. सर्व वाचून दाखवल्यावर ते बोलले, तसेच मास्तरांनी लिहिले: "माहा उकंड्या दारू पेत नव्हता. म्या खोटं बोललो. पुंज्याले आजच घरी आणतो."

रिठद, तालुका वाशीम, जिल्हा अकोला
शनिवार, ता. ११ डिसेंबर १९४३