आईच्या निवडुंगाचं फूल

प्रिय ताई,

आईच्या निवडुंगाची मुळं सडली, तेव्हा तू तो देगूहून माझ्याकडे गोयांगला पाठवलास. "कलम करावं तर आमच्या मिन्जानंच," असं तू सगळ्यांना सांगतेस. मी शेंडा कापून नव्या खुंटावर बसवला, दोऱ्याने आवळला. पण दोन्ही कापांचे गाभे नीट जुळले नव्हते. आठवडाभरात शेंडा काळा पडला. मी बाजारातून हुबेहूब तसाच दुसरा आणला आणि आईचाच म्हणून त्याचा फोटो तुला पाठवला.

काल तो फुलला. तू व्हिडिओ कॉलवर बघत राहिलीस. "मिन्जा, आईचं फूल पांढरं होतं ना गं? हे तर गुलाबी."

तेव्हा तरी खरं बोलायचं! मी म्हणाले, "गुलाबीच होतं, ताई. तू विसरलीस."

"झालं! डोकं गेलं बघ माझं," म्हणून तू हसलीस, पण तुझा चेहरा उतरला होता.

आज तुझ्या लेकीचा फोन आला. "मावशी, आई कालपासून जेवली नाही. विसरण्याचा आजार जडलाय म्हणते, परवा डॉक्टरकडे निघालीय."

निवडुंग मेला, त्याची एवढी लाज नव्हती गं. माझ्या हाताचा नावलौकिक टिकावा म्हणून मी तुझी धडधाकट आठवण खोटी पाडली.

टपालाने हे पत्र वेळेत पोचणार नाही, आणि फोनवर मी पुन्हा खोटं बोलेन. म्हणून उद्याचं देगूचं तिकीट काढलंय, हे पत्र सोबतच आणतेय. दारातच सगळं सांगेन. मग घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुला तोंड दाखवायला घाबरणारी,
तुझी मिन्जा