आवाज बंद, गाणं चालू

३ सप्टेंबर

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. आम्ही दोघी मजेत आहोत. तूही तिकडे पुलाच्या कामावर वेळेवर जेवत असशील आणि काँक्रीटचे ठोकळे फोडून त्यांची ताकद मोजत असशील, असं धरून चालते. आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्याकडे लक्ष देत नाही आणि तो तिच्याकडे.

तुझा निरोप मिळाला. फोन उचलायला काय होतं आणि हे पत्रांचं खूळ कुठून काढलंस, असं विचारलं आहेस. अगं, खूळ कसलं. फोनवर आपण दोघी एकमेकींवर खेकसतो आणि ठेवून देतो. पत्रात तुला मला मध्येच तोडता येत नाही, हा माझा फायदा. शिवाय कामही भरपूर आहे.

काम म्हणजे या सत्राचा प्रकल्प. विषय आहे संगीत व्हिडिओंच्या शैली आणि त्यांचा प्रेक्षक. आईला समोर बसवून, नेहमीसारखं ओरडून आणि हातवारे करून हे समजावलं, तर ती म्हणाली, "गाणी बघायला कॉलेजात कशाला जायला लागतं?"

माझ्या जोडीला वर्गातली एक मुलगी आहे. इतकी बारीक की सगळे तिला काडी म्हणतात. ती चिडत नाही, म्हणून मीही म्हणते. आम्ही तीन व्हिडिओ निवडलेत. एकात गायिका कॅमेऱ्यासमोर उभी राहून गाते, बाकी काही नाही. दुसऱ्यात तीन मिनिटांत अख्खी गोष्ट आहे, भांडण, ताटातूट, सगळं. तिसऱ्यात माणूसच नाही, नुसते रिकामे जिने, पाणी, उडणारे कागद. हे तिन्ही चाळीस जणांना दाखवायचे, कोण काय पाहतं ते टिपायचं आणि त्यावरून आपला एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा. काडी आवाज रेकॉर्ड करते आणि प्रश्न विचारते. मी लोकांचे चेहरे बघून टिपणं काढते. ही वाटणी मीच मागून घेतली.

मजा येते, खरंच. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये टीव्हीवर दिवसभर गाणी चालू असतात, पण आवाज बंद. गिऱ्हाइकांच्या गप्पा चालतात ना. खुर्चीतला माणूस टीव्ही बघतो तो समोरच्या आरशात, म्हणजे सगळं उलटं. नाचणारा डावा हात वर करतो, ह्यांना उजवा दिसतो. न्हावी म्हणाला, वीस वर्षांत कुणी तक्रार केली नाही.

शिवणकामाच्या कारखान्यात तर धमाल झाली. तिथल्या बायका गोष्टीवालाच व्हिडिओ बघतात. पण मान वर करायची ती दोरा संपला की, त्यामुळे सहा जणींनी त्याचे सहा वेगळे तुकडे पाहिलेले. शेवटी ती परत येते की नाही, यावर अर्धा तास वाद झाला. मशिनं बंद पडली म्हणून मुकादमीण बाई धावत आल्या आणि म्हणाल्या, येते परत, मी पाहिलंय.

आईची काळजी करू नकोस. तू गेलीस तेव्हा मी शब्द दिला होता, तो पाळते आहे. बँकेत, दवाखान्यात, दारावर कुणी आलं तर, मीच असते.

तुझी,
धाकटी


२२ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे तुलाही लिहिता येतं तर. पुलाचा तिसरा खांब उभा राहिला हे वाचून आईला इतका आनंद झाला की जणू तिनेच ओतला.

माझं विचारलं आहेस. बरं चाललं आहे. तसं अगदी बरं नाही.

मॅडमना पहिला मसुदा दाखवला. त्या आमच्या विषयाच्या प्राध्यापिका, बोलतात कमी आणि वाचतात फार. त्यांनी माझी टिपणं दोनदा चाळली. म्हणाल्या, गायिका समोर उभी राहून गाते त्या गाण्याबद्दल तू लिहिलं आहेस, 'शब्द स्वच्छ, लगेच पोचतात.' रिकाम्या जिन्यांच्या गाण्याबद्दल लिहिलं आहेस, 'शब्द अस्पष्ट, प्रेक्षक गोंधळतात.' पण तुमच्या रेकॉर्डिंगमधला एकही प्रेक्षक असं म्हणालेला नाही. उलट जिन्यांच्या गाण्याचे शब्द तिघांनी म्हणून दाखवले. मग हे मत कुणाचं?

मी म्हटलं, माझंच असेल.

"प्रत्येक पानावर ओठ आले आहेत," मॅडम म्हणाल्या. "तू गाणं ऐकलंस की पाहिलंस?"

काडीला हसू आलं. मला नाही आलं. मी म्हटलं, पुन्हा लिहून आणते.

आणि परवा आणखी एक झालं. बस डेपोच्या कँटीनमध्ये एक निवृत्त कंडक्टर रोज येऊन बसतात. मोठ्या पांढऱ्या मिशा, ओठ दिसतच नाहीत. लेकीचा जुना फोन पुढ्यात ठेवून ते रोज एकच गाणं बघतात, म्हणून काडीने त्यांना विचारलं, हेच का. ते काहीतरी बोलले. डोळ्यांत हसू होतं, हातात चहाचा पेला. काहीतरी विनोद केला असणार म्हणून मी मोठ्याने हसले. मुलाखतीला आलेल्या माणसाला मोकळं वाटावं म्हणून हसतात तसं. त्यांनी फोन पालथा ठेवला. काडी माझ्याकडे बघतच राहिली.

बाहेर आल्यावर ती फक्त एवढंच म्हणाली, "तू हसलीस का?"

मी म्हटलं, चुकून. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलत नाही.

फार मनावर घेऊ नकोस. झोप झाली नाही की माझं असं होतं. आईचं सगळं ठीक. बँकेत मात्र परवा खिडकीतल्या माणसाने तीनदा सांगितलं आणि चौथ्यांदा चिडून कागदावर लिहून दिलं. त्याला वाटलं, आम्ही दोघीही तशाच.

तुझी,
धाकटी


१५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

आधी शेवट सांगते, म्हणजे वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. सगळं ठीक आहे. तुला सुटी काढून यायची गरज नाही. आता बस आणि वाच.

ताई, मला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. उजवाही थोडा उतरला आहे. दीड वर्ष झालं असेल. फोन उचलत नव्हते तो म्हणून. फोनवर ओठ दिसत नाहीत. चेहरे बघून टिपणं काढायचं काम मागून घेतलं तेही म्हणून. वर्गात मी पहिल्या बाकावर बसते, हुशार आहे म्हणून नाही.

तुला का सांगितलं नाही, तेही लिहिते. तू बारा वर्षांची होतीस तेव्हापासून आईचे कान तूच होतीस. दूधवाला, डॉक्टर, शाळेच्या बाई, बाबा गेल्यावर भेटायला आलेली माणसं, सगळ्यांचं बोलणं तूच तिला ओरडून सांगायचीस. तुझ्या वर्गाची सहल तू दोनदा सोडलीस. मग कुठे तुला ही नोकरी लागली आणि स्टेशनवर मी तुला म्हटलं, जा, मी आहे. आता मीच म्हणाले असते की मलाही ऐकू येत नाही, तर तू दुसऱ्या दिवशी बॅग भरली असतीस. मी तुला ओळखते.

आणि दुसरं कारण. घरात लहानपणापासून ऐकत आले आहे की धाकटीच्या वेळी हिचे कान गेले. आई तसं कधी म्हणाली नाही. बाकी सगळे म्हणायचे, अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. मला वाटायचं, मी घेतलं ते आता माझ्याकडून कुणीतरी परत घेतंय. वेडेपणा आहे, कळतं मला. पण एकटीच विचार करत बसलं की वेडेपणाच शहाणपणा वाटायला लागतो.

कंडक्टरकाकांचं अर्धंच सांगितलं होतं. घरी येऊन ते रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ऐकलं. ते म्हणाले होते, "ही गेली तेव्हा दवाखान्यातल्या टीव्हीवर हेच गाणं चालू होतं. बंद करायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही." आणि त्यावर माझं हसणं. चांगलं खळखळून. ताई, मी ते सात वेळा ऐकलं असेल. आवाज कमी केला तरी ते ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी एकटीच डेपोत गेले. ते तिथेच बसले होते. काय बोलायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, ते सगळं सोडलं. मी सरळ म्हटलं, काका, मला ऐकू येत नाही, तुमचे ओठ मिशीत झाकलेले होते, तुमचे डोळे हसरे दिसले म्हणून मी हसले. माझ्या तोंडून 'मला ऐकू येत नाही' हे पहिल्यांदा निघालं, आणि तेही एका परक्या माणसासमोर, चहाच्या टेबलाशी.

त्यांनी पेला खाली ठेवला. मिशा दोन बोटांनी वर धरल्या, ओठ दिसावेत म्हणून, आणि सावकाश बोलले, "मला वाटलं, पोरीला कंटाळा आला. हे त्यापेक्षा बरं."

मग म्हणाले, डॉक्टरकडे गेलीस का. मी म्हटलं, आमच्याकडे आईचंही असंच आहे, हे घरातलंच आहे. ते म्हणाले, तीस वर्षं एकाच मार्गावर बस चालली, पण म्हणून प्रत्येक प्रवासी शेवटच्या थांब्याला उतरला असं नाही. मला त्याचा अर्थ तेव्हा नीट कळला नाही, पण ऐकू मात्र सगळं आलं.

तिथून मी काडीकडे गेले आणि तिलाही सांगितलं. ती आधी चिडली, नंतर तिला रडू आलं, मग म्हणाली, एवढे दिवस मी तुझ्या डाव्या बाजूला बसून सगळी गुपितं सांगत होते. आणि तिनेच मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

त्या तरुण आहेत, पण बोलतात आजीसारख्या. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. तासभर तपासण्या झाल्या. मग त्यांनी कागदावर कानाचं चित्र काढून सांगितलं की पडद्याच्या आत तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं, ते हलायला हवं, माझं जाम होत चाललं आहे. आतला कान उत्तम आहे, दार तेवढं अडकलं आहे. छोटी शस्त्रक्रिया करून ते हाड बदलता येतं, बहुतेकांना चांगलं ऐकू येतं. हमी कुणी देत नाही, पण मी बहिरी होत नाही आहे, ताई. मी ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि तिसऱ्यांदा लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला? मी आईचं सांगितलं. माझ्या जन्माच्या वेळचंही सांगून टाकलं. त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, "हे हाडातच असतं. तू जन्मली नसतीस तरी झालं असतं, दोन वर्षं इकडे किंवा तिकडे. आईची तपासणी कधी झाली होती?"

कधीच नाही, ताई. वीस वर्षांत एकदाही नाही. गेले कान म्हणजे गेले, असं सगळ्यांनी धरलं आणि आपण दोघी फक्त मोठ्याने बोलायला शिकलो.

आईला न्यायला चार दिवस लागले. माझं काय आता, मला काय गाणी ऐकायची आहेत, तुझं आधी होऊ दे, असं तिचं चालू होतं. शेवटी मी म्हटलं, मला एकटीला भीती वाटते, तू नुसती सोबत चल. ते खरंही होतं. तिथे गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बसवलं आणि तिला खुर्चीत.

त्यांनी एक दोन टोकांचा लोखंडी काटा टेबलावर आपटून तिच्या कानाजवळ धरला. आईने मान हलवली, काही नाही. मग तोच काटा कानामागच्या हाडावर टेकवला. आईने एकदम खुर्चीचा हात पकडला.

"वाजतंय," ती म्हणाली. "आत वाजतंय."

तिचाही आतला कान चांगला आहे. तिने शस्त्रक्रिया करायची की नाही ते सावकाश ठरवू, पण यंत्र लावून बरंच ऐकू येईल, असं त्या म्हणाल्या आणि बघायला म्हणून एक लावूनच दिलं. मी समोर जाऊन विचारलं, आई, येतंय का ऐकू? जसं आपण नेहमी विचारतो तसंच.

आईने कानावर हात ठेवला. "हळू बोल गं," ती म्हणाली. "किती ओरडतेस."

मी तिथेच खाली बसले. काडी बाहेर उभी होती, तिला वाटलं काहीतरी वाईट झालं. आईला पंख्याची घरघर ऐकू येत होती आणि ती डॉक्टरीणबाईंना सांगत होती की याला तेल घाला.

प्रकल्पाचं राहिलंच. नंबर काही आला नाही, मध्यम गुण मिळाले, काडीला ते अजून पटलेलं नाही. मी सगळी टिपणं नव्याने काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं की टिपणं काढणारीला कमी ऐकू येतं, वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. मॅडमनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि शेजारी 'आभारी आहे' असं लिहिलं. आमचा व्हिडिओ आम्ही शिवणकामाच्या बायकांच्या हातांवर केला. त्यांनी तो मशिनं बंद ठेवून, पूर्ण बघितला आणि फार लहान आहे म्हणून नावं ठेवली.

माझी शस्त्रक्रिया पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे. काडी बरोबर असेल. आईही येते म्हणाली, आणि ह्या वेळी डॉक्टर काय म्हणतात ते ती मला सांगणार आहे. तिला ते फार आवडलं आहे.

ताई, तू गेलीस तेव्हा तुला वाटत होतं की तू पळून चालली आहेस. तू बोलली नाहीस, पण गाडी सुटताना तुझं तोंड मी नीट पाहिलं होतं, आणि तोंडावरचं वाचण्यात माझा हात कुणी धरणार नाही. इथे आता कुणाला तुझी गरज नाही. हे वाचून वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी लहान बहीण तुला देऊ शकते अशी ही एकच मोठी गोष्ट आहे.

गरज म्हणून येऊ नकोस. यावंसं वाटलं तर ये.

तुझ्यापासून आता काहीही न लपवणारी,
धाकटी