हातमोज्याची रिकामी बोटं

सोमवार, संध्याकाळ

कमलमावशी परभणीच्या दवाखान्यातून सुटून आज कामावर आली. कचऱ्याच्या गाडीच्या झाकणात तिची दोन बोटं गेली, तेव्हा हात उघडाच होता. आमचे हातमोजे पालिकेच्या कपाटात असतात, फोटोपुरते निघतात. आजही साहेब आले, आमी झाडूवाल्या हातमोजे घालून रांगेत उभ्या राहिलो. मावशीच्या हातमोज्याची दोन बोटं नुसती लोंबत होती.

साहेब म्हणाले, "मावशी, बोटं नीट घाला की."

मावशी म्हणाली, "ती गाडीत राह्यली, साहेब."

मुकादमानं ती रिकामी बोटं आत दुमडली, मग फोटो झाला. त्या दुमडण्याचाच लय राग आलाय मला. मघाशी भाकरी थापतानाही तीच बोटं दिसायलती.

फोटो झाल्यावर मुकादमानं हातमोजे काढून घेतले, ती बोटं ओढून सरळ केली, कपाटाला कुलूप घातलं. अन् मावशी उघड्या हातानं त्याच गाडीकडं निघाली.