चिंधी नावाच्या बाईविरुद्ध हरकत

३ जुलै, सकाळी ६.४०
वही सुरू करण्याचे कारण असे. नेत्रा जानेवारीत आयर्लंडला शिकायला गेली. बँक कर्जाचा दुसरा हप्ता सोडत नाही. राहनाळच्या माहेरच्या जमिनीत माझा हिस्सा आहे. त्याचा सातबारा तारणासाठी आठ ऑगस्टपर्यंत हवा. नाही दिला तर मुलगी शिक्षण अर्धे टाकून परत. ती म्हणाली, ऑनलाइन मिळतो, मामाला सांग. अनंताला कशाला? तो दहावी नापास. मी बी.ए., शेवटची सात वर्षे मुख्याध्यापिका. दुपारपर्यंत पाठवते म्हटले.

३ जुलै, दुपारी २
जिल्हा, तालुका, गाव भरले. नाव: माधवी. उत्तर: माहिती उपलब्ध नाही. साइट बिघडलेली आहे.

४ जुलै
साइट अजून बिघडलेलीच. माहेरचे आणि सासरचे, दोन्ही आडनावे घालून पाहिली. कॅप्चाची अक्षरे माझ्या वर्गात कोणी अशी काढली असती तर तास संपेपर्यंत उभे केले असते. नेत्राला कळवले, काम अंतिम टप्प्यात.

७ जुलै
राहनाळला तलाठ्याकडे गेले. माणूस नम्र, पण ढिला. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. आई गेल्यानंतरची वारस नोंद नुकतीच धरली आहे, मंजुरी बाकी. वारस दोन: अनंता आणि चिंधी. माधवी नाहीच.

चिंधीबद्दल एकदाच लिहिते. माझ्याआधीची दोन मुले गेली, म्हणून आईने पाळण्यात माझे नाव चिंधी ठेवले. चिंधीला कोण दृष्ट लावणार? पुढे गुरुजींनी शाळेच्या रजिस्टरात माधवी लिहिले. तिथे ते नाव संपले. विषय बंद.

तलाठी म्हणाला, मॅडम, दोघी एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करा, अर्ध्या तासाचे काम. नकार दिला. या गावात चिंध्या गोणीत भरून किलोवर विकतात. ते नाव मी मुलीच्या फायलीत घालू?

७ जुलै, संध्याकाळी
अनंताचा फोन. म्हणे, अगं चिंधे, ती तूच हायस ना, करून टाक ना कागद. फोन ठेवला. बोलायची पद्धत नाही.

८ जुलै
लेखी हरकत दाखल केली. मजकूर: "चिंधी नावाची कोणतीही व्यक्ती हयात नाही. सदर नाव वगळून माझे नाव लावावे." शुद्धलेखन निर्दोष. तलाठ्याने दोनदा विचारले, नक्की ना? म्हटले, मुदतीत आहे, पोच द्या. बाहेर अनंताची बायको तुळजावहिनी भेटली. हसून म्हणाली, वन्स, सोताच्याच नावावर काट मारताय व्हय? अडाणी बाई.

१८ जुलै
नोटीस आली. नोंद "तक्रारी" झाली, म्हणजे मंजुरी थांबली. सुनावणी पाच ऑगस्टला. नेत्राला कळवले, प्रकरण वरच्या पातळीवर गेले आहे. प्रगती.

२६ जुलै
नेत्राने विचारले, आई, परतीचं तिकीट बघून ठेवू का? आवाज बारीक होता. मी म्हटले, स्वेटर घालत जा. जेवण गेले नाही. उकाडा असेल.

५ ऑगस्ट
सुनावणी. मंडळ अधिकाऱ्यांनी माझी हरकत मोठ्याने वाचली. ऐकायला छान वाटली. मग म्हणाले, बरं, चिंधी हयात नाही. मृत्यूचा दाखला आणा. दुसरा वारस नसेल तर सगळी जमीन अनंता पाटलांच्या नावे होईल.

हे माझ्या लक्षात आले नव्हते. म्हणजे आले असते, पण वेळ मिळाला नाही.

साहेबांनी अनंताला विचारले, काय हो, बहीण हयात आहे का? गोदामवाले दोन वर्षे त्या जमिनीसाठी त्याच्या मागे आहेत. त्याने नुसते गप्प बसायचे होते.

म्हणाला, हाय ना साहेब. ही काय, चष्मा लावून उभी हाय. लानपनी माझा हात धरून पाटीवर गिरवून घ्यायची. माझंच डोसकं न्हाय चाललं.

साहेबांनी मला विचारले, चिंधी तुम्हीच का?

हजर, असे म्हणाले. आवाज मुख्याध्यापिकेचा निघाला नाही.

खरोखर अर्ध्या तासाचे काम होते. हरकत मागे. नोंद मंजूर. वहिनीने परतताना सुके बोंबील बांधून दिले. घेतले.

६ ऑगस्ट
साइट आज सुधारलेली दिसते. नाव टाकले, सातबारा लगेच आला.

८ ऑगस्ट, दुपारी १२.१०
बँकेत सुपूर्द केले ते असे.
सातबारा, सहीचा, एक. नाव: चिंधी चांगो पाटील उर्फ माधवी.
प्रतिज्ञापत्र, एक. चिंधी व माधवी एकच असल्याचे. साक्षीदार अनंता.
हयातीचा दाखला, एक. बँकेने मागितला नव्हता. मीच जोडला.
पोच मिळाली: "चिंधीबाईंकडून वरील कागद मिळाले." दुरुस्ती सांगितली नाही.