आरामशीनवरचं आपुलकीचं वातावरण

पोंभुर्णा, ५ एप्रिल १९५४

आज वारलू आणि बिरजूही काम सोडून नदीपलीकडच्या ठेकेदाराकडे गेले. तो ठेकेदार मजुरांना आईबहिणीवरून शिव्या देतो. तरी गेले! म्हणजे कारण मानसिकच असणार.

नागपूरला एका प्रोफेसरांचं लेक्चर ऐकलं होतं. मजूर पोटासाठी येतो, प्रेमासाठी टिकतो. पटलं. मी या आरामशीनचा मॅनेजर, आणि आरामशीनवर कुणालाच आराम नाही! (वाक्य फर्स्ट क्लास. शेठजींना ऐकवणे.)

संकल्प : महिनाअखेर बापूजी शेठ चांद्याहून येतील, तेव्हा हसरा मजूरवर्ग दाखवायचा. नाहीतर माझी सिरोंच्याला बदली. तिथे तेलुगू शिका.

६ एप्रिल, सकाळी

‘मन मोकळं करा’ तास सुरू. सगळ्यांना भुशावर गोल बसवलं. मग आरा चालवणारा पोचू उठला. म्हणाला, "साहेब, इंजिनाचा पट्टा निसटते. मले भेव लागते."

मला भरून आलं. चारचौघांत भीती कबूल करायला काळीज लागतं. मी म्हणालो, पोचू, प्रत्येकाच्या आयुष्यातला कुठला ना कुठला पट्टा निसटलेलाच असतो. टाळ्या मीच सुरू केल्या.

पोचू म्हणाला, "आयुष्यातला नाई जी, इंजिनाचा."

लाजतोय.

९ एप्रिल

मुकादम इस्तारीला सूचना : रोज प्रत्येक मजुराला विचारायचं, आज तुझं मन कसं आहे? तो म्हणाला, आरा चालू असताना काऊन विचारू, बोटं जातील ना लोकाईचे. संकुचित दृष्टी. स्वतःच विचारत फिरलो. आऱ्याच्या आवाजात फार ओरडावं लागतं. घसा बसला.

भुसा झाडणारी ताराबाई म्हणाली, "मन बरं हाये, पन पानी लय दुरून आना लागते."

मनाची तहान! यावर विचार करणे.

१२ एप्रिल

हास्य-तास. मी शिट्टी वाजवली की सगळ्यांनी हसायचं. कुणी हसेना. नमुना म्हणून एकट्यानंच हसून दाखवलं, पुष्कळ वेळ. उद्यापासून आणखी तिघं येणार नाहीत. मोहफुलं वेचायची आहेत म्हणे. सबबी सगळ्या.

१४ एप्रिल

पट्टा निसटला. माझ्या कानाजवळून सूं करत गेला, हॅट आंब्यावर. अशा वेळी भावनिक आधार महत्त्वाचा. पोचूला घट्ट मिठी मारली, सोडलीच नाही. पुन्हा पुन्हा विचारलं, कसं वाटतंय? तो इस्तारीकडे बघत होता. इस्तारी ताराबाईकडे.

१८ एप्रिल, रविवार

सुट्टी असून अख्खा स्टाफ माझ्या घरी! न बोलावता! प्रयोग यशस्वी.

सोबत देवाजी नावाचा म्हातारा पुजारी होता. इस्तारी हिला म्हणाला, "बाई, साहेबाले बाहेरचं लागलं. एकटेच हासून राह्यले, मानसाले धरून राह्यले. चांगला मानूस होता जी." ताराबाई तर रडत होती. ही म्हणाली, मलाही शंका होतीच.

पाटावर बसवलं. कडुनिंबाचा पाला झाडला, लिंबू उतरवलं, मनगटाला काळा दोरा बांधला. पथ्य : अमावस्येपर्यंत चकार शब्द बोलायचा नाही, नाहीतर वाचा जाईल. स्टाफचं मन मोडवेना, म्हणून मान्य केलं. याला म्हणतात लीडरशिप. (थोडी भीतीही वाटली.)

२२ एप्रिल

मौन. फार त्रास. पोचूनं विचारलं, पट्ट्याच्या भवताली फळ्या ठोकू का? आधी त्याच्या भीतीच्या मुळाशी जायला हवं होतं, पण बोलणार कसं? मान हलवली. ताराबाई म्हणाली, बैलगाडीनं पाणी आणून शेडपाशी रांजण भरून ठेवू का? मान हलवली.

२७ एप्रिल

वारलू, बिरजू परत. मोहफुलंवालेही परत. साहेब बोलत नाही ही बातमी नदीपलीकडे पोचली म्हणे. संबंध लक्षात आला नाही.

३० एप्रिल

शेठजी आले. मजूर पूर्ण. फळ्यांच्या थप्प्या छपराला टेकलेल्या. कुणीतरी गाणंसुद्धा म्हणत होतं. शेठजी चकित. मॅनेजर, तुम्ही केलं तरी काय? माझ्याकडे पाऊण तासाचं भाषण तयार. तोंड उघडणार, तोच ताराबाईनं कळवळून हात जोडले.

शेवटी इस्तारी पुढे झाला. अभिमानानं म्हणाला, "साहेबानं काईच नाई केलं जी."

शेठजींनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, हेच चालू ठेवा.