टबामागची फट

सुश्रुत,

बाबांना घेऊन मी अलिबागला ताईंकडे जातेय. तू दारातूनच परत फिर आणि तिकडे ये.

वरच्या बाथरूममधल्या टब आणि टाइल्समधली फट भरायला दयाराम मिस्त्री आले होते. सिलिकॉन लावण्याआधी त्यांनी टब पाण्याने भरला, म्हणजे वजनाने तो बसायचा तेवढा बसतो. आपला बसतच राहिला. सकाळी जिथे नख जात नव्हतं, तिथे दुपारी माझं बोट गेलं.

"वहिनी, ही फट भरायची न्हाय," ते म्हणाले. "स्लॅब खचतोय. खाली झोपलेल्या बाबांना आधी बाहेर काढा."

मार्चमध्ये तू लावलेलं पांढरं सिमेंट टाइलसकट निघालंय. त्यावर नंतर बोलू.

टब अजून भरलेलाच आहे. ते पाणी सोडायला तू वर जाशीलच, म्हणून घराच्या दोन्ही चाव्या नेतेय. मागच्या खिडकीचा विचारही करू नकोस.

आश्लेषा