तेवीस नंबर कोणाकडे?

४ फेब्रुवारी, नाहूर

गादी तिरकी करून दारातून आत ढकलली आणि मी व घरमालकीण रुक्मिणीकाकू दोघंही हसलो. त्या म्हणाल्या, जालन्याची माणसं दणकट दिसतात हो. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. जेवण काकूंकडेच. त्या मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो गेला. मुलगा सुयोग दोन वर्षांपूर्वी मित्रांबरोबर मनोरीला समुद्रात पोहायला गेला. सापडला नाही. हे त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं.

टेबलावर सुयोगचा कॉम्प्युटर आहे, लिनक्सवर चालणारा. खुशाल वापरा, फक्त बंद करू नका, एवढीच त्यांची अट. मला इथं आवडणार.

९ फेब्रुवारी

दिवसभर मुलुंडच्या ऑफिसात लोकांची नेटवर्कं दुरुस्त करायची आणि घरी येऊन तेच. कॉम्प्युटरवर काही चालू नसतानाही राउटरचा दिवा लुकलुकत असतो. आज तपासलं. घराबाहेर काही जात नाही. वायफायवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. हा कॉम्प्युटर सारखा एकच विचारतो: तेवीस नंबर कोणाकडे आहे? उत्तर येत नाही. तो पुन्हा विचारतो.

राउटरमध्ये पाहिलं. तेवीस नंबर सुयोगच्या फोनसाठी राखून ठेवलेला.

काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, विचारू दे ना. तुमचं काय जातं?

१५ फेब्रुवारी, रविवार

कॉम्प्युटरला पुढे काय सांगायचंय, हे उत्तर मिळाल्याशिवाय कळणार नाही. ऑफिसात करतो तेच केलं. तेवीस नंबर माझ्या फोनला दिला.

विचारणा थांबली. बाहेरच्या खोलीत दाराचं कुलूप खट्‌कन लागलं.

विजेवरचं कुलूप, सुयोगनेच बसवलेलं. तो घरी आला, त्याच्या फोनने उत्तर दिलं, की कॉम्प्युटरने दार लावून घ्यायचं, अशी त्याने आईसाठी केलेली सोय. आवाज ऐकून काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. हाताला पीठ. माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, इलंस?

मला मालवणी कळत नाही. एवढं कळलं.

मी म्हटलं, काकू, मी सम्यक. त्या म्हणाल्या, हात धू आणि जेवूक बस.

१६ फेब्रुवारी

नंबर काढून घेतला. फोन बंद करून कपाटात ठेवला. तरी तेवीसकडून उत्तर येतंय.

कॉम्प्युटर बंद केला. वायर उपटली. मेन स्विच पाडला. कुलूप तसंच, आतून उघडेना. काकू अंधाऱ्या स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होत्या. ऑफिसला जाता आलं नाही.

१७ फेब्रुवारी

समोरचे भाऊराव आले. त्यांनी बाहेरून नुसतं दार ढकललं — उघडलं. मी ओरडलो, धरा, दार धरून ठेवा. ते म्हणाले, ओरडतोस काय सुयोग? आईला किती रडवलंस, गाढवा! माझ्या पाठीत एक धपाटा घातला. माझा चेहरा त्यांनी नीट पाहिला होता.

दार उघडंच होतं. मी उंबऱ्यापर्यंत गेलो — पाय पुढे पडेना — ते गेले. खट्‌.

१९ फेब्रुवारी

फोन चालू केला. लगेच जालन्याहून दीप्तीचा, माझ्या बहिणीचा, फोन आला. मी घाईघाईने सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही काय बोलताय मला कळत नाही. सम्यकदादाला द्या ना. मी म्हटलं, अगं, मीच. ती रडायला लागली — दादाचा फोन तुमच्याकडे कसा, तो कुठे आहे —

२० फेब्रुवारी

लिहून ठेवतो. सम्यक. सम्यक शिवदास — आडनाव — आडनाव आत्ता होतं —

आवस — काकू — हाक मारता. जाऊ नये. मी

२१ फेब्रुवारी

सकाळी दार उघडा होता. आवशीन चाय दिल्यान. मी भायर जावक नाय.